ओझे पाहून साटा : वऱ्हाडच्या वाहतुकीची एक कथा

यंदा पोळ्याला मी गावी गेलो होतो. आमच्या गावात आता बैलजोड्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत. पण ज्यांच्या घरी आहेत त्यांनी आदल्या दिवशी रिवाजाप्रमाणे बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकले. ओसरीवर बसून मी ते पाहत होतो. इतक्यात माझा भाचा जवळ येऊन बसला. म्हणाला, “मामाजी, तुम्ही कॉलेजात इतिहास शिकवता, तरी एक व्यवहाराची गोष्ट इचारतो. टॅक्टर तं हाये, आता ट्रॉली घ्याची हाये. साधी घेऊ का उलटवाची? दोन चाकाची घेऊ का चार चाकाची? जाळीची घेऊ का पत्र्याची? बैंकेचं कर्ज एकदाच भेटते, चुकलं तं दहा वर्सं चुकलं.”

मी हसलो. म्हटले, अरे, हे एखाद्या इंजिनियरला विचार. इतिहासाच्या मास्तरला काय विचारतोस! पण अकोल्याला परत येताना एस. टी. त बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आले, की पोराचा प्रश्न इतिहासाचाच आहे. हाच प्रश्न वऱ्हाडच्या शेतकऱ्यापुढे गेली दोनशे वर्षे उभा आहे. माल पिकवणे निम्मे काम. तो घरून बाजारापर्यंत नेणे हे उरलेले निम्मे. आणि तो कशात भरून न्यायचा, हे दर वेळी कोणीतरी ठरवले आहे. कधी ते शेतकऱ्याने ठरवले, पुष्कळदा दुसऱ्यानेच ठरवले. चुकले तेव्हा मात्र दंड बहुधा शेतकऱ्याने आणि त्याच्या बैलाने भरला आहे. आज ती हकीकत तुम्हाला सांगणार आहे.

प्रथम एक साधी गोष्ट समजून घेऊ. गाडीची चाके आणि कणा सोडला, तर ज्या सांगाड्यावर ओझे बसते त्याला आपण साटा म्हणतो. ट्रॉलीच्या पेटीलाही हाच शब्द लावायला हरकत नाही. समजा, एक पेटी आहे, १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि २ फूट उंच. म्हणजे झाली १२० घनफूट. तिच्यात मोकळा कापूस न तुडवता भरला, तर साधारण ३ क्विंटल मावेल. तीच पेटी ज्वारीने भरली, तर सुमारे २५ क्विंटल होईल. आणि ओल्या मुरमाने भरली, तर ५५ ते ६० क्विंटलांवर जाईल. पेटी एकच, पण ओझ्यात अठरा-वीस पटींचा फरक! कापसाला जागा पुरत नाही, मुरमाला कणा पुरत नाही. म्हणून कापसाला उंच आणि हलका साटा हवा. मुरमाला बुटका आणि मजबूत. एकच साटा सर्व कामाला वापरणारा माणूस एक तर अर्धी गाडी रिकामी हाकतो, नाही तर कणा मोडून घेतो. आपल्या जुन्या सुतारांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

आता मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा कापूस परमुलखात जाई तो बहुतेक बैलांच्या पाठीवरून. लमाण बांधवांचे तांडे येत. एकेका तांड्यात शेकडो, कधी हजारो बैल असत. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोण लोंबत असे. एका बैलावर साधारण सव्वा क्विंटलाच्या आतलेच ओझे. अमरावतीचा कापूस अशा रीतीने थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई आणि तेथून पुढे नावेने कलकत्त्याला. अंतर पाचशे मैलांहून जास्त, म्हणजे आठशे किलोमीटरच्या वर. बैल चरत चरत दिवसाला आठ-दहा मैल चालणार. तुम्हीच हिशेब करा : वाटेत एकही खाडा न पडता पन्नास-साठ दिवस! १८४२ साली एकट्या एका व्यापाऱ्याने अमरावतीहून या वाटेने एक लाख बैलांचे ओझे रवाना केले, असे जुन्या गॅझेटियरात सांगितले आहे. आकडा थोडा फुगवलेला धरला तरी व्यापाराचा अंदाज येतो.

आज आपल्याला ही रीत वेडेपणाची वाटेल. चाक माहीत असताना माणसाने पाठीवर ओझे का वाहावे? पण श्रोतेहो, आपली काळी जमीन आठवा. मृगाचे दोन पाऊस पडले की पांदणीत पाय घोट्यापर्यंत रुततो. त्या काळी बांधलेले रस्ते वऱ्हाडात जवळजवळ नव्हतेच. नाल्यांवर पूल नाहीत, घाटांत वाट नाही. अशा मुलखात चाक म्हणजे अडचण. बैलाचे चार खूर मात्र नाला उतरतात, घाट चढतात, आणि वाटेवरचा चारा खाऊन फुकट पोसले जातात. रस्ता नसलेल्या देशात लादणीचा बैल हीच शहाणपणाची गाडी होती. त्या काळच्या परिस्थितीत निवड चुकीची नव्हती.

पण त्या निवडीची किंमत होती. गोण रोज संध्याकाळी उतरवायची, सकाळी पुन्हा चढवायची. दर मुक्कामाला कापूस धुळीत टेकायचा. तांड्याच्या पायांनी उडालेली धूळ गोणीत शिरायची. वळवाचा पाऊस गाठला तर कापूस भिजून पिवळा पडायचा. मागच्या बैलाने पुढच्या बैलाच्या गोणीतला कापूस ओढून खाल्ल्याच्याही तक्रारी त्या काळच्या लिखाणात आहेत. शेवटी विलायतेच्या बाजारात हिंदुस्थानी कापसाचे नाव झाले ते ‘घाण कापूस’ असे. शेतात बोंडातून निघताना तो स्वच्छ होता. घाण झाला तो वाटेवर. पण भाव पडला तो वेचणाऱ्याचा. वाहतुकीचा दोष मालाच्या माथी बसतो, हा आपल्या कथेतला पहिला धडा.

ही गोष्ट विलायतेतल्या गिरणीवाल्यांच्या ध्यानात आली, पण त्यांच्या स्वार्थाने आली. जॉन चॅपमन नावाचा एक इंग्रज गृहस्थ होता. मुंबईहून आत देशात आगगाडी नेणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीच्या उभारणीत त्याचा पुढाकार. १८५१ साली त्याने हिंदुस्थानच्या कापसावर पुस्तकच लिहिले. मालाच्या वाहतुकीला साधन नाही, हेच आपल्या कापसाचे मोठे दुखणे आहे, असा त्याचा रोख होता. पुढे १८५३ च्या एप्रिलात मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी धावली आणि त्याच वर्षी निजामाने तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. काळी जमीन आणि लोखंडी रूळ यांची गाठ पडायची ती अशी ठरली.

पण रूळ येण्याआधी रस्ता आला आणि रस्त्याबरोबर बंडी आली. गाडी आपल्याकडे पूर्वी नव्हती असे नाही. पण ती ओबडधोबड असे. शेजारच्या दख्खनात तर भरीव लाकडाच्या, काही ठिकाणी दगडाच्याही चाकांच्या गाड्या होत्या. त्यांना तीन-तीन, चार-चार जोड्या जुंपाव्या लागत. १८३० नंतरच्या काळात सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावी लेफ्टनंट गेसफोर्ड याने आऱ्यांच्या चाकांची, हलक्या बांध्याची गाडी तयार करण्याचा कारखाना चालवला. एक जोडी ती सहज ओढी. हळूहळू भरीव चाक मागे पडले आणि आऱ्यांचे, लोखंडी धाव चढवलेले चाक सर्वत्र रूढ झाले. सव्वा क्विंटलाची गोण वाहणाऱ्या बैलांची जोडी बऱ्या रस्त्यावर आता आठ-दहा क्विंटल ओढू लागली. बैल तोच, पण ओझे पाठीवरून चाकावर गेले आणि त्याची ताकद चौपट कामी आली.

मग १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडच्या दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. १८६५ साली युद्ध संपले, तसा भावही कोसळला. पण या चार-पाच वर्षांनी कापूस हे वऱ्हाडचे मुख्य धन ठरवून टाकले आणि शेतकऱ्याच्या दारात बंडी उभी केली.

या बंडीकडे जरा निरखून पाहा. विशेषतः शिक्षक मित्रांना सांगतो, शाळेत शिकवण्याजोगे यंत्र आहे हे. खाली कणा, दोन्ही बाजूंना चाके. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे, भोवती लोखंडी धाव. वर साटा आणि साट्याच्या कडेला भोके. त्या भोकांत उभाऱ्या ठोकायच्या. आता खुबी अशी, की साटा कायम एकच, पण त्याचे रूप ओझ्याप्रमाणे बदलायचे. कापूस न्यायचा, उंच उभाऱ्या आणि भोवती बांबूच्या तट्ट्या. कडबा न्यायचा, तट्ट्या काढा, नुसत्या उभाऱ्या ठेवा आणि वरून दोर आवळा. ज्वारीची पोती न्यायची, उभाऱ्याही नकोत. शेणखत न्यायचे, बुटक्या तट्ट्या किंवा फळ्या. माणसे न्यायची तर मात्र गाडीच वेगळी : ती दमणी, हलकी, वर छप्पर. म्हणजे आज कारखानदार जी पाच तऱ्हेची ट्रॉली विकतो, ती आपल्या सुताराने एकाच साट्यात बसवली होती!

खताच्या बंडीची आणखी एक गंमत. उकिरड्यावरून भरलेली बंडी शेतात नेली, की बैल सोडायचे, मागची तट्टी काढायची आणि जू धरून वर उचलायचे. साटा मागे कलंडतो, खत आपोआप खाली. फावड्याने अर्धा तास लागणारे काम चार मिनिटांत. हीच तुमची उलटणारी ट्रॉली! युरोपातल्या शेतकऱ्यांनी याच कामासाठी घोड्याच्या दोन चाकी गाडीचा साटाच असा बसवला होता, की घोडा न सोडता तो मागे कलंडावा. इंग्रजीत तिला टम्ब्रिल म्हणत. फ्रेंच राज्यक्रांतीत सरदार-दरकदारांना गिलोटिनकडे नेणाऱ्या गाड्यांनाही इंग्रज लेखकांनी हेच नाव दिले. ज्या गाडीतून खत जायचे त्या नावाच्या गाडीतून राजवैभव गेले. इतिहास असा कधी कधी थट्टा करतो.

पण जी गाडी आपण हवी तेव्हा कलंडवू शकतो, ती नको तेव्हाही कलंडते. दोन चाकी गाडीचे सारे मर्म तोलात आहे. ओझे कण्याच्या थोडे पुढे हवे, म्हणजे जू बैलाच्या खांद्यावर अलगद टेकते. फार पुढे झाले तर खांदे सोलून निघतात. फार मागे झाले तर गाडी उलार होते. जू वर उचलले जाते आणि जोत्यांनी बैलांचे गळे आवळले जातात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. बाबांनी कापसाची बंडी भरली होती. संध्याकाळ होत आली होती. राहिलेला कापूस घाईघाईने मागच्या बाजूला रचला. मी वर बसलो होतो. नाला उतरलो तोवर ठीक होते. पलीकडचा चढ लागला आणि बंडी उलार झाली. मला फक्त आकाश दिसले. बैल खाकरल्यासारखा आवाज करू लागले. बाबांनी पुढे उडी घेऊन जुवावर अंग टाकले आणि मला ओरडले, “उतर लौकर, पुढं ये!” बैल वाचले. मागचा दीड-दोन मण कापूस मात्र नाल्याच्या चिखलात गेला. दुसऱ्या दिवशी वाळवून, झटकून तो बाजारात नेला, तर व्यापाऱ्याने मूठभर कापूस हातात घेऊन माती दाखवली आणि साऱ्या बंडीचाच भाव कमी केला. बाबा काही बोलले नाहीत. परत येताना इतकेच म्हणाले, “कापसाचा दोष नोयता रे, भरन्याचा होता.”

आता आगगाडीकडे वळू. युद्धाची तेजी ओसरता ओसरता लोहमार्ग वऱ्हाडात शिरला आणि १८६७ साली नागपूरला पोचला. वाटेवर शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी ठाणी झाली. पण कापसाच्या मोठ्या पेठा होत्या खामगाव आणि अमरावती, आणि मुख्य मार्ग दोहोंना बगल देऊन गेलेला! खामगाव त्या वेळी अकोला जिल्ह्यातच होते. पेठेपासून स्टेशनापर्यंतच्या थोड्याशा अंतरासाठी बंड्यांची रीघ लागू लागली. शेवटी १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत आणि १८७१ साली बडनेऱ्याहून अमरावतीपर्यंत फाटे टाकावे लागले. खामगावच्या फाट्याच्या उद्घाटनाला स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एक फाटा आठ मैलांचा, दुसरा सहा. एवढ्याशा तुकड्यासाठी रूळ टाकणे परवडावे, इतके कापसाचे मोल होते.

रेल्वेने बंडी संपवली असे कुणाला वाटेल, पण तसे झाले नाही. लांबचा पल्ला तिने नेला. खेड्यापासून स्टेशनापर्यंतचा पल्ला बंडीकडेच राहिला आणि वाढत गेला. संपले ते तांडे. ज्या लमाणांनी पिढ्यान् पिढ्या या मुलखाचे धान्य, मीठ आणि कापूस पाठीवर वागवला, त्यांचा धंदा एका पिढीत बुडाला. पुष्कळांनी नांगर धरला, काही मजुरीला लागले. आज पोहरादेवीच्या यात्रेला जमणाऱ्या लाखो बांधवांच्या पूर्वजांत ते लादणीवाले होते, हे आपण विसरू नये. वाहन बदलले की माल लवकर पोचतो, हे सगळे सांगतात. जुने वाहन हाकणाऱ्याचे काय झाले, ते कुणी सांगत नाही.

रेल्वेच्या डब्यालाही साट्याचाच प्रश्न पडला. मोकळ्या कापसाचे दोकडे डब्यात भरले, तर डबा काठोकाठ भरे, पण वजन काहीच होईना. जागेचे भाडे जाई आणि अर्धी ताकद वाया. म्हणून कापूस दाबणे आले. स्टेशनांच्या आसपास जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. ३९२ पौंडांची, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली घट्ट गाठ तयार होऊ लागली. म्हणजे डबा मोठा करण्याऐवजी ओझेच लहान केले! मोठी युक्ती होती ती. परंतु लक्षात घ्या, ही युक्ती ज्याच्याजवळ प्रेस होती त्याची. शेतकऱ्याची बंडी मोकळा कापूसच वाहत राहिली. लहान केलेल्या ओझ्याचा नफा प्रेसच्या दारापलीकडे राहिला. पांदणीतला खड्डा आणि बंडीतली धूळ दाराअलीकडे.

बाजारातही बंडीच मापदंड झाली. ओळीने बंड्या उभ्या राहायच्या, व्यापारी एकेकीत हात घालून नमुना काढायचा आणि बंडीवर बोली लागायची. उंच तट्ट्यांच्या साट्यात खोलवर काय आहे ते दिसत नसे. त्यामुळे कुणी वर चांगला आणि खाली ओला कापूस भरत. आणि कुणी लबाड व्यापारी चांगल्या बंडीतही खोट काढून कडता कापत. दोन्ही बाजूंचा हा अविश्वास मोडण्यासाठी बाजाराला कायदा हवा होता. कारंज्याचा कापूस बाजार १८८६ साली सरकारी नियंत्रणाखाली आला. देशातला तो पहिला नियंत्रित बाजार मानतात. त्यानंतर १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. मापाला, दलालीला काही धरबंध आला. समित्यांवर मात्र प्राबल्य व्यापाऱ्यांचेच होते. पुढे एका मुलखाचा हलका कापूस दुसऱ्या मुलखाच्या चांगल्या कापसात मिसळू नये म्हणून १९२३ साली कापूस वाहतुकीचा स्वतंत्र कायदा झाला. कापूस कुठून कुठे न्यायचा यावर कायदा करावा लागतो, यावरूनच वाहतूक म्हणजे केवळ हेलपाटा नव्हे, हे ध्यानात यावे.

विसाव्या शतकात बंडीच्या लाकडी चाकाच्या जागी हवेचे टायर आले. लोखंडी धाव रस्ता कापत जाई, टायर रस्त्यावरून नुसता फिरतो. बैलाचे कष्ट हलके झाले. आणि मग आला ट्रॅक्टर, त्याच्यामागे ट्रॉली. उलटणाऱ्या ट्रॉलीचा साटा उचलतो तो तेलाच्या दाबावर. गंमत पाहा, जोसेफ ब्रामा नावाच्या इंग्रज कारागिराने १७९५ साली द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचे पेटंट घेतले. त्याच तत्त्वावर कापसाच्या गाठी दाबणाऱ्या हायड्रॉलिक प्रेस पुढे चालल्या आणि त्याच तत्त्वावर आज ट्रॉली उलटते. ज्या तत्त्वाने आजोबांचा कापूस कारखानदाराच्या अंगणात दाबला, ते आता नातवाच्या अंगणात आले आहे. सव्वाशे वर्षांनी का होईना, युक्ती शेतकऱ्याच्या हाती आली. म्हणूनच ती नीट निवडली पाहिजे.

तेव्हा भाच्याला मी दुसऱ्या दिवशी फोनवर काय सांगितले, तेच तुम्हालाही सांगतो.

पहिले, वर्षभरात तू काय किती वाहतोस ते कागदावर मांड. मनात मांडू नको, कागदावर मांड. कापूस, कुटार, कडबा असे हलके पण फुगीर ओझे जास्त असेल, तर साधी ट्रॉली आणि वरून काढता-घालता येणारी उंच जाळी. हीच आपली उभारी आणि तट्टी. शेणखत, माती, मुरूम असे जड आणि सुटे ओझे जास्त असेल, तर बुटक्या, जाड पत्र्याची उलटणारी. सोयाबीन, तूर पोत्यांत जात असेल, तर खाली पडणारे फाळके पुरेत. उलटण्याच्या यंत्राचे स्वतःचे वजन आणि किंमत असते; वर्षातून चार दिवसांच्या खतासाठी बाराही महिने ते ओढत बसणे शहाणपणाचे नाही. तेवढ्यापुरती शेजाऱ्याची भाड्याने घे.

दुसरे, दोन चाके की चार? दोन चाकी ट्रॉली अरुंद पांदणीत वळते, मागे घेता येते, आणि तिचे थोडे ओझे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर पडून पकड वाढते. पण तिला बंडीचाच नियम लागू. ओझे फार पुढे गेले तर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात. मागे गेले तर ट्रॉली उलार होते आणि ट्रॅक्टरची पकड जाते. चार चाकीला तोलाची भीती कमी, ओझे जास्त; पण मागे घेताना ती भल्या भल्यांना घाम फोडते. डांबरी सडकेचा लांब पल्ला असेल तर चार चाकी, शेत आणि पांदण असेल तर दोन चाकी.

तिसरे, उलटवताना जमीन सपाट हवी आणि डोक्यावर विजेची तार नको. आपली ओली काळी माती साट्याच्या पुढच्या बाजूला चिकटून बसते. मागचा माल घसरतो, पुढचा गोळा तसाच वर उचलला जातो आणि ट्रॉली आडवी पडते. आणि उचललेल्या साट्याखाली, भक्कम टेकू लावल्याशिवाय, पोराला काय, स्वतःलाही शिरू देऊ नका.

चौथे, आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. कापूस उलटणाऱ्या ट्रॉलीतून मातीवर ओतू नका. पूर्वी मुक्कामागणिक धूळ शिरत होती. आता प्लास्टिकच्या पोत्यांचे तुटके धागे शिरतात. तो धागा रुईत मिसळला की जिनिंगमध्ये निघत नाही. सूत होऊन कापड झाले, रंगवले, तरी रंग न घेता वर उठून दिसतो. अशा कापसाला भाव कमी. म्हणून वेचणीला आणि ट्रॉलीच्या तळाला सुती कापड वापरा. आधी मुरूम किंवा खत वाहिले असेल, तर पेटी धुऊन, वाळवून मगच कापूस भरा. दीडशे वर्षांपूर्वी ‘घाण कापूस’ हे नाव आपल्याला वाहतुकीने दिले. तेव्हा ती वाहतूक आपल्या हाती नव्हती. आज आहे. आता ते नाव मिळाले तर दोष कुणाला देणार?

भाच्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, “मामाजी, म्हंजे साधीच घ्या म्हंता, जाळी लावून.” मी म्हटले, तुझा कागद काय म्हणतो ते मला कळव. चार दिवसांनी त्याचा फोन आला. कागदावर कापूस आणि कुटारच जास्त निघाले. दोन चाकी, साधी, वर जाळी, असे ठरले. आणि खताच्या चार दिवसांसाठी घरची जुनी बंडी दुरुस्त करून घेणार आहे, म्हणाला. सुतार मात्र तीन गावे फिरून शोधावा लागला.

हे शेवटचे वाक्य मला टोचले. म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती करून थांबतो. आपल्या गावात अजून एखादी बंडी गोठ्यामागे पडून असेल. एके दिवशी वर्ग तिच्यापाशी न्या. गावातल्या जाणत्या माणसाला बोलवा आणि तुंब्यापासून जुवापर्यंत एकेका भागाचे नाव मुलांना वहीत लिहून घ्यायला सांगा. कोणते ओझे कशा साट्यात जाई, ते त्यांनाच विचारू द्या. तोलाचा नियम विज्ञानात येईल, घनफुटांचा हिशेब गणितात, खामगाव-अमरावतीचे फाटे भूगोलात आणि बाकीचा इतिहास आपोआप. मुले मोठी होऊन बंडी हाकणार नाहीत, हे खरे. पण काही ना काही वाहून न्यावे लागणार आहेच. तेव्हा आधी ओझे पाहावे आणि मग साटा निवडावा, एवढे त्यांच्या ध्यानात राहिले तरी पुष्कळ झाले.